सतरा बोल्टांची पेटी

३ ऑगस्ट, सोमवार. सकाळी ७.१०

आजच्या दिवसाची सुरुवात अन्यायाने झाली, म्हणून नोंद करून ठेवतो. माझा राखाडी बनियन नाहीसा झाला आहे. दोन वर्षांपूर्वी मी त्याला अंगावरून निवृत्त केलं आणि ग्रीस पुसण्याच्या कामी नेमलं. धुऊन, घडी करून, गॅरेजमधल्या टेबलाच्या दुसऱ्या खणात. चौदा वर्षं घालून मऊ झालेलं सुती कापड दुकानात मिळत नाही. ते स्वतःच्या पाठीवर तयार करावं लागतं. ही म्हणते (ही म्हणजे बायको, रोजनिशीला ठाऊक आहे, पण शिस्त म्हणून लिहितो), की तिने त्या बनियनने खिडक्या पुसल्या आणि टाकून दिला. खिडक्या. मी एक अक्षर बोललो नाही. हल्ली मी बोलत नाही. खण फक्त बंद केला. खणाची मूठ निघून हातात आली, तो सुताराचा दोष.

संध्याकाळी ६.३०

विषय गाडी. जुनी फोर-बाय-फोर. गेल्या वर्षी मी तिला चार इंच उंच केलं. तेव्हापासून उभी असते तेव्हा सम्राज्ञी दिसते, पण साठच्या वर गेली की तिला हुडहुडी भरते. कारण शास्त्रीय आहे. गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस नावाची पेटी असते, ती इंजिनाचा जोर पुढच्या-मागच्या चाकांत वाटते. या पेटीतून मागच्या चाकांकडे एक दांडा जातो, तो शाफ्ट. गाडी उंच झाली, दांडा फार तिरका झाला, म्हणून थरथर. उपाय असा, की पेटी खोलायची, आतला दांडा काढून आखूड बसवायचा, म्हणजे बाहेरचा लांब बसतो आणि तिरकेपणा जातो. किट आलं आहे. मॅन्युअल आलं आहे. तीन शनिवार-रविवार पुष्कळ झाले.

मुदत २९ तारीख. त्या दिवशी लेक होस्टेलला जाणार. साडेतीनशे किलोमीटर. थरथर गेली तर गाडीतून येईन, नाहीतर बसने जाईन, असं ती म्हणाली आहे. साडेसहा तास, दोघंच. फेब्रुवारीपासून ती माझ्याशी पाहुण्यांशी बोलावं तसं बोलते. हो बाबा, चालेल बाबा, आभारी आहे बाबा. साडेसहा तासांत हे पाहुणेपण उतरवायचं आहे. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. सगळ्यांना शाफ्टचं कारण सांगितलं आहे.

फेब्रुवारीत काय झालं, तर स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला भोक पडलं. माझी मूठ त्या वेळी तिथे होती हे मान्य, पण प्लायवूड हलक्या प्रतीचं होतं. डॉक्टर म्हणाले, राग येतो तेव्हा हातांना काम द्या. मला राग येत नाही. पण हातांना काम द्यायला हरकत नाही.

४ ऑगस्ट, मंगळवार

संकल्प. संरक्षक चष्मा घातल्याशिवाय गाडीखाली जायचं नाही. प्रत्येक नट-बोल्ट मोजून, डब्यात घालून, डब्यावर चिठ्ठी. घाई नाही. आणि हातोडा नाही. "जिथे बुद्धी संपते तिथे हातोडा सुरू होतो": हे वाक्य माझंच, पुस्तिका क्रमांक बारा, पान चार. कंपनीच्या यंत्रांबरोबर ज्या सुरक्षा-पुस्तिका जातात त्या गेली एकोणीस वर्षं मी लिहितो. लोक वाचत नाहीत, पण त्यांचा हात अडकला की त्यांना त्या वाचायला हव्या होत्या हे सिद्ध होतं.

आज छापखान्यातून प्रूफ आलं. "यंत्र चालू असताना आत हात घालू" एवढंच वाक्य. पुढचा "नये" गळालेला. मी पकडला. एका पेन्सिलीने आज किती हात वाचवले, याचा हिशेब कुणी ठेवत नाही. छापलेल्या मजकुरातली चूक मला वासावरून कळते. ही शेखी नाही, व्यवसाय आहे.

६ ऑगस्ट, गुरुवार. संध्याकाळी

मेहुणा येऊन गेला. हा हिचा धाकटा भाऊ, ट्रकच्या वर्कशॉपमध्ये हेड मिस्त्री. नखांत कायमचं काळं. मला भावजी म्हणतो आणि त्या शब्दात दरवेळी थोडी दया मिसळतो. गाडीखाली डोकं घालून म्हणाला, भावजी, पेटी खोलायच्या आधी बाहेरून धुऊन काढा. तारेचा ब्रश आणि रॉकेल. दहा वर्षांचा चिखल आणि ग्रीस मिळून सिमेंट झालंय, त्याखाली काय आहे दिसायचं नाही. मी म्हटलं, मला ती पेटी उघडायची आहे, तिला बघायला पाहुणे येणार नाहीत. तो हसला. अडलं तर फोन करा म्हणाला. जाताना हिला म्हणाला, ताई, आयोडीन आहे ना घरात.

फोन करणार नाही.

८ ऑगस्ट, शनिवार. दुपारी ४.००

पुठ्ठा अंथरून गाडीखाली पाठीवर. तेल काढायचा बूच सैल केला. तेल भांड्यात पडेल अशी मांडणी होती. पडलं कानात. उजव्या. बाकीचं भांड्यात.

मागचा शाफ्ट सुटला. पुढच्या शाफ्टचा मोठा नट, तीस नंबरचा, सुटेना. लांब दांड्याचा पाना लावला. त्याला मीटरभर पाइप जोडला. पाइपला मी जोडला गेलो. दोन्ही पाय चेसीला टेकवून सर्व बळाने ओढलं. पाना सटकला. मूठ चेसीच्या कडेवर. चार बोटांची सालं निघाली, पांढरं काहीतरी दिसलं आणि मग लगेच लाल झालं.

मी शांत होतो. शेजारीण काकू कुंपणावरून हिला विचारत होत्या, आत कुणी जनावर अडकलंय का. ही म्हणाली, नाही, घरचेच आहेत.

त्या वेळी मी जे म्हणत होतो ते संस्कृत होतं. दुष्टाला संबोधून लांबलचक समास करायची मला विद्यार्थिदशेपासून सवय आहे. षष्ठी तत्पुरुषात कुणाची आई आली तरी ती शिवी राहत नाही, व्याकरण होतं.

९ ऑगस्ट, रविवार

नटाशी आधी सामाने बोललो: गंज सोडवणारं तेल, दोन तास विश्रांती. मग दाम: नवा सॉकेट. भेद: बाजूच्या लोखंडाला गॅसची ज्योत दाखवली, की त्याने फुगून नटाची साथ सोडावी. हाताचे केस जळले. राहिला दंड.

रबरी हातोडा हा तांत्रिकदृष्ट्या हातोडा नव्हे. त्याने चाळीस ठोके. मग रबराचं डोकं दांड्यावरून उडून भिंतीवर आपटलं आणि परत येऊन माझ्या मांडीवर. तेव्हा लोखंडी घेतला. दीड किलोचा. अपवाद म्हणून. नट अकराव्या घावाला हलला. कबूल करतो, त्या अकरा घावांत सुख होतं. दहाव्याला तर मी मोजणं विसरलो होतो.

हातोडा परत खणात ठेवला आहे. आता लागणार नाही.

११ ऑगस्ट, मंगळवार. ऑफिस, जेवणाची सुट्टी

हाताला पट्टी. साहेबांनी विचारलं, काय झालं. दार, म्हणालो. साहेब म्हणाले, तुमच्या त्या दारांवरच्या पुस्तिकेची एक प्रत घरी पण न्या. समोरच्या टेबलावरची टायपिस्ट फार वेळ खोकत होती.

१३ ऑगस्ट, गुरुवार. सकाळी रजा

पेटी खाली उतरवली. उतरवली हे क्रियापद सकर्मक आहे आणि कर्ता मी, एवढं राखून ठेवतो. प्रत्यक्षात शेवटचा नट काढला तेव्हा जॅक एक वीतभर बाजूला होता. पेटी माझ्या छातीवर आली. पस्तीस किलो असावी. हवा बाहेर गेली ती परत येईना. वर चेसी, खाली जमीन, मध्ये मी आणि ती, अशा अवस्थेत अकरा मिनिटं.

हाक मारायला श्वास नव्हता. पाना जमिनीवर आपटला. ही आली, वाकून पाहिलं. म्हणाली, अहो, हे असंच ठेवायचंय की काढायचंय? मी खूण केली. तिने आणि लेकीने मिळून पेटी ओढून बाजूला केली. छातीवर बूचाचा षट्कोनी ठसा उमटला आहे. लेकीने पाणी दिलं आणि विचारलं, बाबा, मामाला बोलवू का? बोलण्यात काळजी होती. मला बरं वाटलं. नाही म्हटलं.

१६ ऑगस्ट, रविवार. दुपारी १२.३०

आज रक्त, पण चांगला दिवस.

पेटी टेबलावर. मागचं शेपूट सुटलं. आत शाफ्टच्या खोबणीत एक सर्क्लिप, म्हणजे पोलादी अर्धवट कडं, जे ताणून काढावं लागतं. पकडीने ताणलं. चष्म्याच्या काचेवर वाफ येत होती म्हणून चष्मा क्षणभर कपाळावर सरकवला. सर्क्लिप सुटलं. आधी भुवई फाडली, मग वरची ट्यूबलाइट. काचांचा पाऊस टेबलावर, डोळ्यांत रक्त, हातात मोकळी पकड.

दवाखान्यात तीन टाके. डॉक्टर म्हणाले, मारामारी? मी म्हटलं, सर्क्लिप. ते म्हणाले, पोलिसात देणार का त्याला?

लेक सोबत आली होती. परत येताना रिक्षात तिने विचारलं, बाबा, तुम्ही त्याला शिव्या देत होता की स्तोत्र म्हणत होता? मी म्हटलं, दोन्हीचा छंद एकच असतो. ती हसली. सहा महिन्यांत पहिल्यांदा, दात दिसेपर्यंत. मग म्हणाली, शिव्याच द्या, त्या बऱ्या. गप्प झालात की जास्त भीती वाटते. मी म्हटलं, कसली भीती? ती म्हणाली, काही नाही, असंच.

असंच म्हणाली, म्हणजे असंच असेल. पुढे चौकशी केली नाही. योजना उत्तम चालली आहे. साडेसहा तासांतली पंधरा मिनिटं रिक्षातच झाली.

१८ ऑगस्ट, मंगळवार

ट्यूबलाइट नवी. हिचं म्हणणं, २२ला तिच्या भावाला बोलवावं, तो अर्ध्या दिवसात करून देईल, मुलगी गाडीतून जाईल, तुम्ही चालवा, एवढंच हवंय ना तुम्हाला? मी म्हटलं, एवढंच नको आहे. मग काय हवंय, म्हणाली. मी ग्रीसचा डबा शोधत असल्याचं दाखवलं.

खरं कारण: लेकीने म्हणावं, की हे बाबांनी स्वतः केलं, डोकं शांत ठेवून. मेहुण्याने केलं तर त्यात माझं शांत डोकं कुठे दिसणार?

२० ऑगस्ट, गुरुवार. संध्याकाळी ७.००

पेटीची दोन अर्धुकं कडेने बोल्टांनी जोडलेली. मॅन्युअल, पान एकशे बारा: "कडेचे अठरा बोल्ट काढा." मी काढले. मोजले. सतरा. पुन्हा मोजले. डब्यात सतरा, चिठ्ठीवर सतरा. पेटीभोवती बोट फिरवलं. सगळीकडे चिखल आणि ग्रीसचा थर, भोकं सतरा.

पाच मिनिटं विचार केला आणि उलगडा झाला. छपाईची चूक. शेजारच्याच ओळीत "अठरा मिलिमीटर" आहे. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याची नजर एक ओळ खाली घसरली आणि आकडा वर चढला. असं मी शेकडो वेळा पाहिलं आहे. पेन्सिलीने अठरावर काट मारून समासात सतरा लिहिलं, बारीक सही केली. प्रकाशकाला पत्र लिहायचं आहे, सौम्य शब्दांत.

फटीत स्क्रूड्रायव्हर घालून तिरपा केला. उघडत नाही. सीलंट, म्हणजे फटीत भरलेला गोंद, जुना असणार. शनिवारी.

२२ ऑगस्ट, शनिवार. सकाळी ११.२०

स्क्रूड्रायव्हर वाकला. दुसरा तुटला. टोक कुठे गेलं ठाऊक नाही. भिंतीतून आवाज आला.

फट एका बाजूने रुपयाच्या जाडीएवढी उघडते. दुसऱ्या बाजूने केसभरसुद्धा नाही. म्हणजे सीलंट त्या बाजूला जास्त आहे. छिन्नी घेतली.

दुपारी २.००

छिन्नी आणि दीड किलोचा. संकल्पाला सवलत दिली आहे, कारण काम शेवटच्या टप्प्यात आहे.

पेटी टेबलावरून पडली. पायाच्या अंगठ्यावर. नख अर्धं. पेटी उचलून पुन्हा वर. उचलताना पाठीत काहीतरी कडकन. ही दारातून म्हणाली, जेवून घ्या. मी म्हटलं, हिचा निकाल लावून येतो. ही म्हणजे पेटी. बायको आत गेली.

दुपारी ३.१५

आता दोघांत उघड वैर आहे. मी तिला शिकंज्यात आवळलं आहे आणि वरून मारतो आहे. प्रत्येक घावाला ती एक सूर देते, तोच तो, जाड, मठ्ठ, न उघडणारा. संस्कृत संपलं. मराठीही बहुतेक संपली. आता मी गप्प मारतो आहे. घाम डोळ्यांत. टाके उसवले असावेत, भुवई ओली लागते. मला राग आलेला नाही. हे फक्त लिहून ठेवतो.

संध्याकाळी ५.४०

पेटीला तडा गेला. कडेपासून मधल्या बेअरिंगपर्यंत, नदीच्या नकाशासारखा.

हातोडा हातातून निसटला.

कुणाला लागलं नाही.

२३ ऑगस्ट, रविवार. सकाळी ९.००

शांतपणे लिहितो. तडा गेल्याचा आवाज ऐकला आणि त्याच क्षणी हातोडा निसटला. दांड्यावर घाम आणि तेल होतं. घर्षण शून्य. गॅरेजच्या दाराच्या चौकटीत लागला. लाकडाचा ढलपा निघाला, एवढाच काय तो तोटा.

लेक दारात होती. हातात मोबाइल. तिने पेटीचा फोटो काढून मामाला पाठवला होता आणि मामाने त्यावर एक जागा गोल करून परत पाठवली होती: खालच्या अंगाला, चिखलाच्या ढेकळाआड, अठरावा. तेच सांगायला ती आली होती. बाबा म्हणून हाक मारली होती म्हणे. मी ऐकली नाही. घाव घालताना ऐकू येत नाही, हे मी पुस्तिका क्रमांक नऊमध्ये लिहिलं आहे.

हातोडा तिच्या डोक्यापासून किती लांब लागला, हे मी मोजलेलं नाही. हिने हात लावून पाहिलं. वीतभर, म्हणाली. हिचा हात लहान आहे.

मी म्हटलं, अगं निसटला. लेक म्हणाली, हो बाबा, ठीक आहे, मला काही झालं नाही. लगेच म्हणाली. वाक्य तयार असल्यासारखं. मग मोबाइल टेबलावर ठेवून, गोल केलेला फोटो माझ्याकडे करून, हळू पावलांनी मागे गेली. पाठ न फिरवता.

ही काल संध्याकाळपासून माझ्याशी बोललेली नाही.

२४ ऑगस्ट, सोमवार. संध्याकाळी

फोन केला. मेहुणा पाच मिनिटांत निघाला आणि अर्ध्या तासात पोचला. पेटी रॉकेलने धुतली, ब्रश मारला, ढेकूळ पडलं. मागे अठरावा बोल्ट, नवाकोरा, दहा वर्षं कुणी न पाहिलेला. त्याने दोन वळणांत काढला. पेटी दोन तळहातांनी उघडली. आवाजसुद्धा नाही.

तडा पाहून म्हणाला, ही अर्धी गेली, आमच्याकडे भंगारात याच गाडीची पेटी आहे, ती बाजू आणतो. मॅन्युअल चाळलं. पान एकशे बारावर थांबला. समासातली दुरुस्ती वाचली, सही वाचली. पान उलटलं. एरवी या एका गोष्टीवर त्याने दोन वर्षं काढली असती.

हात पुसताना त्याला चौकटीवरचा ढलपा दिसला. हे काय, भावजी? हातोडा निसटला, म्हटलं. त्याने ढलप्यापाशी जाऊन स्वतः उभं राहून पाहिलं. ढलपा त्याच्या कानाशी आला. मग टेबलाकडे पाहिलं, मग पुन्हा ढलप्याकडे. म्हणाला, भावजी, निसटलेला हातोडा पायावर पडतो.

एवढंच. मग खाली बसून चेन आणि चाकं क्रमाने जमिनीवर मांडायला लागला.

२६ ऑगस्ट, बुधवार. संध्याकाळी ६.१५

पेटी जोडली. आखूड दांडा, नवी बेअरिंग, नवा शाफ्ट. मेहुण्याने जोडली, मी पाने देत होतो. बोलावं लागलं नाही.

गाडी बाहेर नेली. एकटाच. साठ. सत्तर. नव्वद. आरशातलं प्रतिबिंब हललं नाही. एवढी शांत गाडी मी चालवलेली नाही. एक मोठा विजय म्हणून नोंद करतो.

२९ची तयारी. सकाळी सहाला निघायचं. बोलायचे विषय काढले आहेत: तिचा अभ्यासक्रम, होस्टेलचं जेवण, लहानपणी ती गाडीतून दिसणारी प्रत्येक पाटी मोठ्याने वाचायची ते. शनिवारचा प्रसंग काढायचा नाही. तो मिटला आहे. ती स्वतःच ठीक आहे म्हणाली.

जेवताना तिला सांगितलं, गाडी नव्वदला हलत नाही. ती म्हणाली, छान झालं बाबा. खूप मेहनत घेतलीत. आभारी आहे.

२९ ऑगस्ट, शनिवार. सकाळी ८.००

पावणेसहाला मी गाडी काढून उभा. मायलेकी बाहेर आल्या. लेक म्हणाली, बाबा, मी बसने जाते. तिकीट काढलंय. आईपण येतेय सोबत. गाडी छान झालीय, पण बसच बरी. आवाज अगदी मऊ. झोपलेल्या माणसाच्या खोलीत बोलतात तसा.

मी म्हटलं, बस स्टँडपर्यंत तरी सोडतो. त्या दोघी मागे बसल्या. दहा मिनिटं. थरथर नव्हती.

स्टँडवर बॅग टपावरून काढायला मी हात वर केला. ती शेजारी उभी होती. तिने डोकं खाली घेतलं आणि एक हात आडवा डोळ्यांपुढे धरला. क्षणभरच. मग तिला बॅग दिसली, आणि तिने केस नीट केल्यासारखं केलं. हिने पाहिलं. मी पाहिलं. तिने पाहिलं की आम्ही पाहिलं.

बस वेळेवर सुटली. तिकीट हिच्या हातात होतं, त्यावर काढल्याची तारीख आणि वेळ छापलेली. छापलेलं मी वाचल्याशिवाय राहत नाही. बावीस ऑगस्ट, संध्याकाळी पाच पन्नास.

छपाईची चूक नसावी.

३० ऑगस्ट, रविवार

ही उद्या परत येईल असं म्हणाली आहे. घरात कुणी नाही. वाहन उत्तम स्थितीत आहे.

हातोडा निसटला नव्हता. मी फेकला. दारात ती आहे हे मला ठाऊक नव्हतं, हे खरं आहे, आणि गेले आठ दिवस मी या एका वाक्याला धरून होतो. पण त्या क्षणी माझी नजर दाराकडेच होती. कुणीतरी आहे एवढं दिसलं असावं. कोण, ते पाहायला मी थांबलो नाही.

ती ओळखू आली असती तर माझा हात थांबला असता का, ते मला माहीत नाही. मला काळजी आहे ती याचीच.